सोडियमच्या दारात अडकलेली पाचर

आपले हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा धडधडते. प्रत्येक ठोक्याच्या आरंभी हृदयाच्या स्नायुपेशींच्या पटलातली सोडियमची इवलीशी दारे उघडतात. सोडियम पेशीच्या आतल्यापेक्षा बाहेर दहापटीने अधिक असते. त्यामुळे दार उघडताच त्याचे विद्युतभारित कण आत घुसतात आणि ठोक्याचा संदेश पुढे सरकतो. हे सारे एक-दोन सहस्रांश सेकंदांत आटोपते, कारण दाराचाच एक लवचिक भाग बुचासारखा आतून बसतो.

खरी गोम या बुचात आहे. ते घट्ट बसले नाही तर?

हे दार म्हणजे सुमारे २००० अमिनो आम्लांची साखळी असलेले एक प्रथिन. शरीराची गरज मात्र घडोघडी बदलते. जिना चढताना एक, झोपेत दुसरी. दर वेळी नवे प्रथिन घडवायला सवड कुठली? म्हणून पेशी जुन्यालाच पाचर मारते. ही पाचर फॉस्फेटची, आणि ती मारणारे सुतार म्हणजे प्रोटीन कायनेज ही विकरे. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे तो चिकटला की प्रथिनाची ठेवण किंचित बदलते. काम झाले की फॉस्फेटेज नावाची दुसरी विकरे पाचर काढून टाकतात. ही युक्ती एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे सशाच्या स्नायूंवर काम करताना उलगडली. त्यांना १९९२ साली नोबेल मिळाले. माणसात असे पाचशेहून अधिक कायनेज आहेत.

अ‍ॅड्रेनलिन वाढले की त्यांतला ‘कायनेज ए’ सोडियमचा प्रवाह वाढवतो. ‘कायनेज सी’ तो कमी करतो. इथवर ठीक. पण ‘कॅम-कायनेज दोन’ची गोष्ट निराळी. नाव रुक्ष आहे, काम मात्र नाट्यमय! कॅल्शियम वाढले की तो जागा होतो. दुबळ्या झालेल्या, नीट रक्त न ढकलणाऱ्या हृदयात त्याचे प्रमाण आणि जोर दोन्ही वाढतात. तो सोडियमच्या दारावर अशा जागी फॉस्फेट चिकटवतो की बूच पुरते बसत नाही. बारीकशी गळती चालूच राहते. निरोगी पेशीत ही गळती मुख्य प्रवाहाच्या एक टक्क्याहूनही कमी असते. पण ती शेकडो सहस्रांश सेकंद टिकते, म्हणून ती वाढली की एकूण आकडा लहान राहत नाही.

पुढे काय होते पाहा. पेशीत सोडियम साचते. सोडियम आत घेऊन त्याच्या मोबदल्यात कॅल्शियम बाहेर टाकणारी यंत्रणा मग मंदावते. कॅल्शियम वाढते आणि कॅम-कायनेज आणखी चेकाळतो. शिवाय हा पठ्ठ्या स्वतःलाही फॉस्फेट लावून घेतो. मग कॅल्शियम उतरल्यावरही जागाच राहतो. या दुष्टचक्रात अवेळी ठोके पडतात, ताल बिघडतो. हृदय दुबळे झालेल्या रुग्णांपैकी कित्येकांना अचानक मृत्यू येतो, तो या बिघडलेल्या तालामुळेच.

गळती रोखणारे रॅनोलाझिन हे औषध अमेरिकेत २००६ साली मान्य झाले, पण हृदयशूळासाठी. मग थेट सुतारालाच का आवरू नये? अडचण अशी, की हाच कॅम-कायनेज मेंदूत स्मरणशक्तीच्या कामी येतो. त्याला सगळीकडे बंद करणे परवडणारे नाही. त्याला केवळ हृदयात गाठेल अशा औषधाच्या शोधात संशोधक आहेत.