रिकाम्या खजिन्याचा मंत्री

राज्याचे बळ जसे सैन्यात असते, तसे ते खजिन्यातही असते. खजिना रिता झाला म्हणजे सैन्यही लुळे पडते. तुर्कांच्या उस्मानी साम्राज्याची अखेरची वर्षे या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहेत.

तीन खंडांत पसरलेल्या या साम्राज्याने १८५४ मध्ये, क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी, युरोपातील सावकारांकडून पहिले कर्ज काढले. पुढे जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज घेण्याची सवयच जडली. अखेर १८७५ साली पूर्ण व्याज देणे अशक्य असल्याचे सरकारने जाहीर केले. १८८१ मध्ये सावकारांच्या प्रतिनिधींचे एक मंडळ इस्तंबूल येथे स्थापन झाले. मीठ, रेशीम, मद्य, मासेमारी व मुद्रांक यांचे उत्पन्न हे मंडळ परस्पर वसूल करी. घर आपले, पण कोठीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, अशी ही स्थिती होती.

ज्या साली पूर्ण व्याज देता न येण्याची नामुष्की ओढवली, त्याच साली सलोनिका शहरी मेहमेद जावीद यांचा जन्म झाला. त्यांनी अर्थशास्त्राचा कसून अभ्यास केला. १९०८ च्या क्रांतीनंतर ते लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आले व १९०९ मध्ये अर्थमंत्री झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी पॅरिसमध्ये कर्जाची बोलणी केली. फ्रेंच सरकारने तुर्की खजिन्यावर देखरेखीचा हक्क मागितला. जावीद यांनी ही अट झिडकारली. परंतु पैशाची निकड टळण्यासारखी नव्हती, म्हणून कर्ज जर्मनीकडून घ्यावे लागले.

१९१४ च्या ऑक्टोबरात उस्मानी आरमाराने रशियाच्या बंदरांवर तोफा डागल्या. हे युद्ध साम्राज्याला पेलणारे नाही, अशी जावीद यांची खात्री होती. त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९१७ मध्ये ते पुन्हा त्या पदावर आले; पण १९१८ साली पराभव झाला आणि लवकरच साम्राज्यही लयास गेले.

नव्या प्रजासत्ताकाच्या पुढाऱ्यांशीही त्यांचे पटले नाही. १९२६ मध्ये मुस्तफा केमाल यांच्या हत्येच्या कटात सामील असल्याचा आरोप त्यांच्यावर आला. तो त्यांनी नाकारला. तरीही २६ ऑगस्ट रोजी अंकारा येथे त्यांना फाशी देण्यात आले.

उस्मानी कर्जाचा अखेरचा हप्ता तुर्कस्तानने १९५४ साली, म्हणजे पहिल्या कर्जानंतर बरोबर शंभर वर्षांनी, चुकता केला. कर्ज काढणारे सुलतान नाहीसे झाले, साम्राज्य गेले. ऋण मात्र त्या देशाच्या नातवंडा-पतवंडांनी फेडले.