लाजाळूपणा नव्हे, शीण

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं थोरल्या नातवाची मुंज झाली. दोनशें पानें उठलीं. धाकट्या सूनबाईंनीं तीन दिवस हंसतमुखानें सर्वांची सरबराई केली, आणि चौथ्या दिवशीं खोलीचें दार लावून घेतलें. भेटीस आलेल्या बायकांपुढें त्या येईनात. 'माणूसघाणेपणा तो हाच!' असें आम्ही ओसरीवरून, त्यांना ऐकूं जाईल इतक्या मोठ्यानें बोललों. तें बोलणें आज आम्हांस सलतें. म्हणूनच त्यांच्या संमतीनें हें लिहीत आहों.

पुढें त्यांनीं सासूपाशीं मन मोकळें केलें. ताट वाढतांना आपला हात कांपतो कीं काय, बोललों तें चुकलें कीं काय, हाच विचार अष्टौप्रहर. आणि रात्रीं झोंपेऐवजीं दिवसभरच्या प्रत्येक वाक्याची उजळणी. घरचें काम होतेंच, त्यावर स्वतःवरचा हा पहारा निराळा. मग शीण येईल नाहीं तर काय?

लाजाळूपणा आणि हें भय एक नव्हे. अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें १९८० सालीं या भयास आपल्या विकारसूचींत स्थान दिलें. क्लार्क व वेल्स या मानसशास्त्रज्ञांनीं १९९५ सालीं त्याचें वर्म दाखविलें: अशा मनुष्याचें लक्ष समोरच्याकडे नसून स्वतःवरच खिळलेलें असतें, व प्रसंग सरल्यावरहि तो मनांत त्याची चिरफाड करीत राहतो. प्रसंग टाळला कीं तत्काळ बरें वाटतें. म्हणूनच टाळण्याची संवय जडते, आणि भय खोटें ठरण्याची संधीच मिळत नाहीं.

यास्तव विश्रांति हवी, पण अज्ञातवास नको. आमच्या घरीं आतां असें ठरलें आहे: समारंभांत सूनबाईंनीं कांहीं वेळ माणसांत बसावें, मग माजघरांत एकट्यानें, तेथें त्यांना कोणीं हांक मारूं नये. प्रथम दोन ओळखीच्या बायका, मग पांच, मग पंगत, अशी एकेक पायरी चढावी. बोलतांना लक्ष समोरच्याच्या शब्दांकडे द्यावें. एवढ्यानें न भागल्यास संकोच न धरतां मानसोपचारतज्ज्ञांकडे जावें. केंद्र सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेली 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

वडील मंडळींस एकच विनंति. 'ही कोणाशीं बोलतच नाहीं' असें चारचौघांत म्हणूं नये. भाद्रपदांत गौरींच्या हळदीकुंकवास सूनबाई अर्धा तास बसल्या व उठून आंत गेल्या. आम्ही ओसरीवरच होतों. कांहीं बोललों नाहीं. जन्मभर दुसऱ्यांस धडे दिले. हा एक आम्हीं उशिरां कां होईना, गिरविला.