पंधराशे धाग्यांतला एक

गालिच्यातली रेघ सकाळी कुणालाच दिसत नाही. छतावरच्या दिव्यांचा उजेड सरळ खाली पडतो आणि सगळं कार्पेट सपाट, एकसारखं वाटतं. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की केसभर खुजी राहिलेली लूपची ओळसुद्धा सावली टाकते, आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणी पेन्सिलने आखल्यासारखी रेघ उमटते. वाशीत हे जास्त होतं. गावाच्या पश्चिमेला खाडी, मध्ये आडवं काही नाही. स्टेशनवरच्या आयटी पार्कसारख्या उंच इमारतींच्या काचांतून पाच वाजता ऊन जवळजवळ जमिनीला टेकून आत शिरतं. मी बरीच वर्षं कार्पेटच्या तक्रारी बघायचं काम केलं. वाशीचा फोन आला की घड्याळ न बघता सांगता यायचं, पाच वाजून गेलेत.

असाच एक फोन. नव्या ऑफिसात शनिवार-रविवार रात्रंदिवस काम करून कार्पेट टाइल्स बसवलेल्या. सोमवारी सकाळी मालकांनी बघून मान डोलावली, दुपारी कंत्राटदाराने बिल दिलं आणि संध्याकाळी मालकांनी ते परत पाठवलं. "साहेब, रेघा आहेत. एक नाही, जागोजागी. पण तुम्ही आत्ताच या, सातनंतर दिसणार नाहीत," कंत्राटदार म्हणाला. बिचारा अगदी खरं बोलत होता.

गुडघे टेकून, गाल जवळजवळ जमिनीला लावून बघितलं तर रेघा होत्याच. सगळ्या टाइल्सवर मात्र नव्हत्या. ज्यांवर होत्या त्यांवर कडेपासून नेमक्या एकाच अंतरावर होत्या, 21 सेंटिमीटर. पट्टी लावली की दर वेळी तोच आकडा. टाइलच्या पाठीवर बाण छापलेला असतो, तो यंत्रातून कापड पुढे सरकण्याची दिशा दाखवतो. बाण वर धरला की रेघ नेहमी डाव्या कडेपासून 21 वर.

याचा अर्थ कळायला टाइल कशी जन्मते ते माहीत हवं. टाइल सुटी विणत नाहीत. टफ्टिंगच्या यंत्रावर सुमारे 4 मीटर रुंदीचं अखंड कार्पेट निघतं, पाठीला थर चढवतात आणि मग त्याचे 50 बाय 50 सेंटिमीटरचे चौकोन पाडतात. म्हणजे रुंदीत आठ चौकोन. यंत्रावरची एक सुई चुकत असेल तर त्या आठांतल्या एकाच रांगेतल्या टाइल्सवर रेघ येणार, आणि कडेपासून कायम त्याच जागी येणार. रेघ सूतगिरणीतून आली असती किंवा रंगाच्या घाण्यातून आली असती तर एवढी शिस्त पाळली नसती. आमचा गुन्हेगार सुईच्या मागे होता. सुया किती? दहाच्या गेजला, म्हणजे इंचाला दहा सुया धरल्या तर 4 मीटरमध्ये साधारण 1575. कडेच्या 21 सेंटिमीटरवरून संशयित राहिले आठ, दर टाइलच्या रांगेत एक.

कारखाना वाशीपासून ट्रकने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिकडे जाताना मी एका माणसाला बरोबर घेतलं. त्यांना सगळे जॉबर काका म्हणत. गिरणगावातल्या एका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, जॉबर म्हणजे मुकादम होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि काकांसारख्या हजारोंसाठी तो संप कधी संपलाच नाही. ते वाशीला आले, सेक्टर नऊच्या सिडकोच्या जेएन प्रकारच्या घरात राहिले, आणि जिथे कुठे सूत, सुई आणि चाक एकत्र येतं तिथे लोक त्यांना बोलावू लागले. टफ्टिंगचं यंत्र त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा पाहिलं. "साच्यात ताणा आणि बाणा एकमेकांना धरून ठेवतात," ते म्हणायचे. "इथं धाग्याला कुणीच धरत नाही. नुसता खुपसलाय."

ते खरंच तसं आहे. आधी विणलेल्या कापडात सुई वरून धागा खुपसते, खाली लूपर तो पकडतो, सुई वर जाते, लूप मागे राहतो. गाठ नाही, वीण नाही. पाठीला लॅटेक्स चढेपर्यंत तो लूप केवळ कापडाच्या पकडीवर उभा असतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावात कॅथरीन इव्हान्स नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने 1895 मध्ये अशी चादर हाताने केली आणि 1900 मध्ये एक चादर अडीच डॉलरला विकली; सगळा धंदा तिथून वाढला. हाताने टाके घालताना ताण बोटांतच सांभाळला जायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर रुंद कार्पेटची यंत्रं आली, एका दांडीवर शेकडो सुया बसल्या, आणि तेव्हापासून प्रत्येक सुईमागचा धागा सारखा कसा सोडायचा हाच या धंद्यातला सगळ्यांत अवघड प्रश्न होऊन बसला आहे.

आमच्या यंत्रामागे क्रील होतं. लोखंडी घोड्यांवर रांगेने कोन, एकेका धाग्याला दोन-दोन, पहिल्याची शेपटी दुसऱ्याच्या डोक्याला बांधलेली, म्हणजे एक संपला की यंत्र न थांबता दुसरा सुरू. प्रत्येक कोनावरून धागा ताणाच्या चकतीतून निघतो, प्लास्टिकच्या बारीक नळीत शिरतो, डोक्यावरून दहा-पंधरा मीटर प्रवास करतो आणि यंत्राच्या रोलरवर येतो. रोलर ठरलेली लांबी खेचून सुईला देतो. दहाच्या गेजचं 4 मीटरचं यंत्र मिनिटाला हजार टाके घालत असेल आणि लूप 6 मिलिमीटर उंच असेल, तर एका मिनिटात सगळ्या सुया मिळून जवळजवळ 23 किलोमीटर सूत खातात. वाशीहून ठाण्याला लोकलने जायला एवढं अंतर लागत नाही.

आता कुणीही विचारेल, रोलर सगळ्यांना सारखीच लांबी देतोय तर ताणाने काय बिघडतं? इथेच गंमत आहे. कार्पेटचं सूत कुरळं असतं, ताणलं की लांबतं. एखादा धागा मागून जास्त ओढून धरला असेल तर रोलरवर तो ताणलेल्या अवस्थेत मोजला जातो. रोलर मीटरभर देतो, पण सुटल्यावर तो मीटरभर राहत नाही. शिवाय रोलरचं खरखरीत आवरण झिजलं असेल तर धागा घसरतोही. सुईला धागा कमी पडला की ती आधीच्या लूपमधला ओढून घेते, आणि तो लूप खाली बसतो.

काकांनी आधी काहीच विचारलं नाही. त्या मालाचा पाठीला थर न दिलेला एक तुकडा कारखान्यात नमुन्यासाठी ठेवलेला होता, तो मागवला. तिरप्या टॉर्चने रेघ शोधली, कात्रीने दोन खुणा केल्या, 30 सेंटिमीटर अंतरावर. मग त्या रेघेतला धागा टाका-टाका करून उसवला, सरळ केला आणि टेबलावर पट्टीला लावला. शेजारच्या दोन ओळींचंही तसंच. शेजारचे 171 सेंटिमीटर भरले. रेघेतला 163. तीस सेंटिमीटरमध्ये सुमारे 118 टाके. आठ सेंटिमीटरची तूट त्यांत आणि प्रत्येक लूपच्या दोन पायांत वाटली की प्रत्येक लूप एक तृतीयांश मिलिमीटरने खुजा. तेवढ्यावर वाशीतलं बिल अडलं होतं.

मग ते यंत्राच्या मागे गेले. यंत्र चालू होतं, आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. खिशात ताण मोजायचं मीटर होतं, ते काढलंच नाही. आठ संशयित नळ्यांच्या यंत्राकडच्या तोंडाशी उजव्या तर्जनीची मागची बाजू एकेका धाग्याला हलकेच टेकवत गेले. पहिला, दुसरा, तिसरा. पाचव्यापाशी बोट थांबलं. मला हाताने बोलावलं, माझं बोट धरून आधी शेजारच्या धाग्याला लावलं, मग याला. शेजारचा बोटाखालून नुसता वाहत होता, आणि हा बोट कापायला निघाल्यासारखा. मग मीटर काढलं. शेजारचे 10-11 ग्रॅम, हा 27.

चकती साफ होती. कोन नीट बसलेला होता. काका मान वर करून नळीच्या मागोमाग चालत निघाले आणि क्रीलच्या मधल्या खांबाशी थांबले. तिथे नवी ट्यूबलाइट लावली होती. इलेक्ट्रिशियनने वायर खांबाला आवळताना केबल टायमध्ये वायरीबरोबर आमची एक नळीही आवळली होती. नळी बाजूला ओढली जाऊन आधी एक काटकोनी वळण, मग पुन्हा एक, आणि पुढे सरळ. उजेड वाढावा, दोष लवकर दिसावेत म्हणून तो दिवा लावलेला होता.

दोन वळणांनी 10 चे 27 कसे होतात ते काका वाशीगावच्या जेट्टीवरून सांगायचे. कोळी होडी बांधताना दोर खुंटाला दोन-तीन वेढे देतो आणि मोकळं टोक दोन बोटांत धरून उभा राहतो. होडी ओढते, दोर सुटत नाही. वेढ्याचं घर्षण जोडलं जात नाही, गुणलं जातं. गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकात हाच नियम सूत्रात मांडला. घर्षणाचा गुणांक 0.3 धरला तर एका काटकोनी वळणात ताण 1.6 पट होतो. दुसऱ्या वळणात त्याच्या पुन्हा 1.6 पट, म्हणजे सुमारे अडीच पट. बाकीचं आवळलेल्या नळीच्या चिमट्याने केलं. म्हणूनच क्रीलपासून सुईपर्यंतचं प्रत्येक वळण, प्रत्येक चिनी मातीचा डोळा, प्रत्येक नळीचा झोल महत्त्वाचा. टाय कापला, नळी मोकळी झाली, मीटरवर 11 आले. एवढंच.

वाशीत मात्र एवढ्यावर भागत नव्हतं. रेघवाल्या टाइल्स आठांतली एक या हिशेबाने शोधून उचलल्या आणि बदलल्या. उरलेल्यांत एखादी सुटली असेल म्हणून एका केबिनमध्ये टाइल्स आलटून-पालटून काटकोनात फिरवून बसवल्या. बाणांची दिशा बदलली की रेघेला पुढच्या टाइलमध्ये जोडीदार मिळत नाही आणि डोळा ती धरत नाही. आपल्याकडे बरेच कंत्राटदार सगळे बाण एकाच दिशेला लावतात, कारण ग्राहकाला अखंड कार्पेटचा भास हवा असतो. तो भास महाग पडतो असं माझं मत आहे.

काकांचा एक आग्रह दसऱ्याचा. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, हार घालतात, एक दिवस सगळं बंद. त्यांचा पूजेला विरोध नव्हता; नारळ तेच फोडायचे. पण झेंडूचा हार क्रीलला बांधू द्यायचे नाहीत, कंट्रोल पॅनलवर घाला म्हणायचे. झेंडूची एक पाकळी सुकून गाइडच्या डोळ्यात अडकली की पुढच्या आठवड्यात रेघ तयार. आणि यंत्र थांबवताना थांबलेल्या जागेवर कापडाच्या कडेला खडूने खूण करायला लावायचे. रोलर आणि सुई यांच्यामध्ये धागा दिवसभर ताणून उभा राहतो आणि थोडा सैलावतो. यंत्र पुन्हा सुरू झालं की पहिल्या काही ओळी वेगळ्या उंचीच्या येतात आणि रुंदीभर आडवा पट्टा दिसतो. खूण असली की ती जागा कापून टाकता येते. नसली की तो पट्टा कुणाच्या तरी हॉलमध्ये जाऊन पडतो.

कारखान्यात रेघ सगळ्यांत आधी कुणाला कळते, तर मेंडिंगच्या बायकांना. यंत्रातून निघालेलं कार्पेट त्यांच्या टेबलावरून सरकतं आणि सुटलेले टाके त्या हातातल्या गनने भरतात. त्यातली एक बाई तळहात आडवा फिरवून रेघ सांगायची, डोळ्यांनी न बघता. तिने त्या मालाच्या वेळीही सांगितलं होतं, "इथं हाताला खड्डा लागतोय." सुपरवायझरने वरून दिवा मारून बघितलं, काही दिसलं नाही, रोल पुढे गेला. मला आजही वाटतं की त्या टेबलावर तिचा शब्द अखेरचा असायला हवा होता.

ज्या गोष्टीला आम्ही दोष म्हणत होतो तीच या धंद्यात नक्षीचं साधनही आहे. ठरवून एखाद्या सुईला धागा कमी दिला की तिचा लूप खाली बसतो, शेजारचा वर राहतो. उंच-सखल लूपची बहुतेक नक्षी अशीच निघते. सोलापूरच्या टर्किश टॉवेलचं मर्मही यापेक्षा फार वेगळं नाही. तिथे साच्यावर दोन बीम असतात, एकाचा ताणा कडक आणि दुसऱ्याचा मुद्दाम ढिला, आणि त्या ढिल्या ताण्यातूनच टॉवेलचे लूप उभे राहतात. काकांना ही तुलना फार आवडायची, कारण टॉवेलचं काम त्यांनी जवळून पाहिलेलं होतं.

आता अशी यंत्रं आहेत की प्रत्येक धाग्याला स्वतःची सर्वो मोटर असते आणि टाक्यागणिक किती धागा सोडायचा ते संगणक सांगतो. काकांनी असं यंत्र पाहिलं तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले, तासभर त्यासमोरून हलले नाहीत. मग नेहमीप्रमाणे मागे क्रीलकडे गेले. मोटर मोजते ते तिच्यापर्यंत आलेलं सूत. तिच्यामागे ते किती ताणलं गेलंय याची तिला खबर नसते. कोन बारीक होत जातो तसा ताण बदलतो, चकतीत तेल आणि लोकर साचते, नळ्या तशाच वळतात.

त्या पहिल्या कारखान्यात त्यांनी निघताना एक वही घालून दिली. दर सोमवारी यंत्र चालू असताना कुठलेही वीस धागे निवडायचे, मीटर लावायचं, आकडे लिहायचे. महिन्याने आम्ही परत गेलो तर सुपरवायझरने वही अगदी नेटकी ठेवली होती, शेवटच्या रकान्यात दर आठवड्याची सरासरी काढलेली, सरासरी दर वेळी 11 च्या आसपास. काकांनी चष्मा लावला, आकडे वाचले आणि एका आठवड्याच्या ओळीवर बोट ठेवलं. वीसपैकी एक धागा 19 होता. "लेका, ही सरासरी कुणाला दाखवायची?" त्यांनी पेन मागितलं, तो रकाना खोडला आणि वर नवं शीर्षक लिहिलं: सगळ्यांत जास्त उणे सगळ्यांत कमी. मग दोघं मिळून तो 19 वाला धागा शोधायला क्रीलमागे गेले.