पाण्यातला चष्मा

बाजारात गेल्यावर आपल्याइतकी चिकित्सक माणसे दुसरी नसतील. नारळ घेताना आपण तो कानाशी धरून हलवतो, वांग्याचा देठ निरखतो, आणि नव्या चपला पायात घालून दुकानात चार पावले चालल्याशिवाय पैसे काढत नाही. पण हीच माणसे पोहण्याचा चष्मा, म्हणजे गॉगल, घ्यायला गेली की सगळी पारख विसरतात. काच निळी आहे, वर आरशासारखी चकाकी आहे, खोक्यावर एखाद्या नामवंत जलतरणपटूचे चित्र आहे, एवढ्यावर सौदा पुरा होतो. तलावात पोहणाऱ्याचे त्यावर निभावतेही. समुद्रात उतरणाऱ्याचे मात्र निभावत नाही.

मी व्यवसायाने मराठीचा प्राध्यापक. वय पंचेचाळिशीला टेकलेले, आणि चष्म्याचा नंबर असा की तो काढला तर फळ्यावरचे माझेच अक्षर मला लागत नाही. असा मनुष्य पोहण्याविषयी लिहितो याचे वाचकांना नवल वाटेल; पण गेली काही वर्षे सुट्टी लागली की मी कोकणच्या समुद्रात पोहतो. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरणाच्या स्पर्धा भरतात, हे पुष्कळांना ठाऊक आहे. २०१९ साली गोव्याच्या मिरामार किनाऱ्यावर १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे अशी तिहेरी शर्यत झाली, आणि ‘ट्रायथलॉन’ हा शब्द आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावरही ऐकू येऊ लागला. तेव्हापासून मुले वृत्तांच्या शंका कमी आणि गॉगलच्या शंका जास्त घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगतो तेच येथे लिहितो.

प्रथम हा चष्मा करतो काय, ते पाहू. आपल्या डोळ्याची प्रकाश वळवण्याची जी ताकद आहे, तिचा सुमारे दोन तृतीयांश भाग बाहेरच्या पारदर्शक पडद्याचा असतो, आणि ती ताकद हवेच्या जोरावर चालते. डोळा पाण्याला भिडला की ती जवळजवळ संपते आणि सारे अंधुक होते. गॉगल डोळ्यापुढे हवेची एक छोटीशी खोली उभी करतो, एवढेच त्याचे काम. तेव्हा त्या खोलीच्या भिंती गळक्या असतील, तर काच कितीही भारी असून उपयोग काय?

१९२६ साली गर्ट्रूड एडर्ली ही अमेरिकन तरुणी इंग्लिश खाडी पोहून गेली. हा पराक्रम करणारी ती पहिली स्त्री. तिने वापरला होता मोटारसायकलस्वारांचा चष्मा, आणि पाणी शिरू नये म्हणून त्याच्या फटी मेणाने बुजवल्या होत्या. त्या काळीही खरी अडचण कडेचीच होती. आता मेणाची जागा सिलिकोनच्या मऊ कडेने घेतली आहे. पण ती कड तुमच्याच चेहऱ्याला बसते की नाही, हे तुम्हालाच पाहावे लागते.

परीक्षा अगदी सोपी आहे. पट्टा डोक्यावर न चढवता गॉगल नुसता डोळ्यांच्या खोबणीवर ठेवा, हलकेच दाबा आणि हात काढा. दोन-तीन सेकंद तो आपोआप चिकटून राहिला, तर तो तुमचा. लगेच गळून पडला, तर तो दुसऱ्या कोणाचा! पट्टा आवळून हा दोष जात नाही. उलट कड वाकडी होते, पाणी शिरतेच आणि वर डोके दुखते. नाकावरचा पूलही पाहावा. काही गॉगलांचा तो बदलता येतो. अरुंद किंवा बसक्या नाकाच्या माणसाने असाच घ्यावा.

आमच्या कॉलेजातली एक मुलगी तलावात उत्तम पोहते. समुद्रात मात्र दोनशे मीटर गेली की परत फिरायची. एके दिवशी म्हणाली, “सर, समुद्र माझ्यासाठी नाही. मी नाव काढून घेते.” मी तिचा गॉगल मागून घेतला आणि तो तिला नुसता दाबून धरायला सांगितला. नाकापाशी करंगळीची नखी जाईल एवढी फट होती. पाणी शिरले की ती थांबे, गॉगल उचले, लाट तोंडात जाई आणि श्वास मोडे. तिची अर्धी भीती त्या फटीतून आत येत होती. तिच्या बेताचा गॉगल मिळाला, सोबतीला होडी घेतली, आणि महिन्याभरात तिने एक किलोमीटर पुरे केले. नाव काढून घेण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

तलाव आणि समुद्र यांत फरक आहे तो हा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या शर्यतीत मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरले. त्याला भिंत दिसेना. त्याने हातांचे फटके मोजले आणि विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. तलावाची लांबी ठरलेली असते, म्हणून मोजून भागते. समुद्राला ना भिंत, ना तळाशी काळी रेघ. दिशा पाच अंशांनी चुकली, तर किलोमीटरभर पोहल्यावर तुम्ही सुमारे ८७ मीटर बाजूला गेलेले असता. म्हणून दर आठ-दहा फटक्यांनी मगरीसारखे फक्त डोळे वर काढून बोया किंवा किनाऱ्यावरची खूण पाहावी लागते. त्यासाठी काच जरा मोठी हवी आणि वरची कड नजरेआड येऊ नये. शर्यतीचे अगदी चिमुकले गॉगल तलावातच शोभतात.

आता काचेचा रंग. कोकण-गोव्याच्या किनाऱ्याचे तोंड पश्चिमेला, आणि शर्यती असतात सकाळी. आत जाताना सूर्य पाठीशी असतो. परतताना तोच समोर येतो, आणि एकदा आकाशातून व एकदा पाण्यावरून असा दुहेरी डोळ्यांत घुसतो. येथे धुरकट किंवा आरशाची काच हवी. पाण्यावरची तिरीप मारणारी पोलराइज्ड काच मिळाली तर फारच छान. उलट उजाडण्याच्या सुमारास किंवा ढगाळ दिवशी तीच काच अंधार करते. तेव्हा साधी पांढरी किंवा पिवळसर काच बरी. सारांश, दोन गॉगल बाळगावेत.

माझ्यासारख्या चष्मेवाल्यांसाठी नंबरचे गॉगल तयार मिळतात. बहुधा ते अर्ध्या-अर्ध्या अंकाच्या अंतराने असतात. दोन्ही डोळ्यांचे नंबर फार वेगळे असतील तर नेत्रतज्ज्ञाला विचारावे. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स ठेवून मात्र पोहू नये. पाण्यातला अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव लेन्सखाली आश्रय घेतो, आणि त्याचे दुखणे दृष्टीवर बेतू शकते.

राहता राहिले धुके. चेहऱ्याची ऊब आणि ओल आत कोंडते, बाहेरून पाणी काच थंड करते. गार पाण्याच्या तांब्याला घाम सुटतो, तोच हा प्रकार. नव्या काचेला आतून धुके न धरणारा लेप असतो. तो बोटाने किंवा पंचाने पुसू नये. लेप गेला की लहान मुलांच्या शाम्पूचा थेंब लावून हलके विसळावे. पोहून आल्यावर गॉगल गोड्या पाण्यात धुवावा आणि सावलीत वाळवावा.

शेवटी दोन गोष्टी. शंभर-दोनशे माणसे एकदम पाण्यात पडली की कोणाचा पाय कोणाच्या तोंडावर बसेल याचा नेम नसतो. म्हणून पट्टा टोपीच्या आत घ्यावा. आणि नवा गॉगल शर्यतीच्या दिवशी प्रथमच लावू नये. आठ-दहा वेळा तो पाण्यात आपलासा करून घ्यावा. एवढे केले तरी एकट्याने खोल पाण्यात जाऊ नये. कमरेला केशरी तरंगता फुगा आणि शेजारी सोबती असावा. चांगल्या गॉगलमुळे तुम्हाला किनारा दिसेल. तुम्ही कोणाला तरी दिसत राहाल, याची तजवीज वेगळी करावी लागते.