फोन वडिलांचा, बोट लेकराचं : संगणक आणि सायबर सुरक्षा प्राथमिक शाळेतच का शिकवावी?

छत्रपती संभाजीनगरपासून साधारण २५ किलोमीटरवर गाडीवाट हे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेने सप्टेंबर २०१९ मध्ये मुलांना विचारले, कोणती परदेशी भाषा शिकायला आवडेल? बहुतेकांनी जपानी निवडली, कारण त्यांना रोबोट आणि तंत्रज्ञानाची ओढ होती. पुस्तके नव्हती. मग इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराचे अ‍ॅप वापरून सुरुवात झाली. खेड्यातल्या मुलांना तंत्रज्ञान झेपत नाही, हा समज या शाळेने खोटा ठरवला.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला दुसरी बाजूही दिसते. घरात एकच स्मार्टफोन असतो. त्यातच वडिलांचे बँक खाते, आईचा बचत गटाचा ग्रुप आणि मुलांचे गेम. तिसरीतल्या एका मुलाने आम्हाला सहज सांगितले, "पप्पांचा पिन मला पाठ आहे." त्याला ही हुशारी वाटत होती. महिन्याची मजुरी ज्या खात्यात येते, त्याची किल्ली आठ वर्षांच्या लेकराच्या हातात आहे, हे घरात कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

'असर' २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातली सुमारे ८२ टक्के मुले स्मार्टफोन वापरू शकतात. आदल्या आठवड्यात ५७ टक्के मुलांनी तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी सोशल मीडियासाठी. सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी प्रोफाइल प्रायव्हेट कसे करायचे हे साधारण ५५ टक्क्यांनाच ठाऊक होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० कोडिंगची सुरुवात सहावीपासून सुचवते. फोन मात्र त्याच्या कितीतरी आधी हातात येतो. शिकवायला हवे ते या मधल्या वर्षांत.

शाळेत संगणक नसला तरी सुरुवात करता येते. संगणक म्हणजे सांगितलेल्या क्रमाने काम करणारे यंत्र. एका मुलाने 'रोबोट' व्हायचे आणि दुसऱ्याने त्याला दारापासून फळ्यापर्यंत नेण्याच्या सूचना द्यायच्या. 'तीन पावले पुढे', 'बाक आला तर उजवीकडे वळ', 'फळा येईपर्यंत चालत राहा'. एवढ्या खेळात क्रम, अट आणि पुनरावृत्ती हे प्रोग्रामिंगचे तिन्ही पाये येतात. चूक झाली की सूचना तपासायची, मुलाला हसायचे नाही.

सुरक्षिततेचे धडेही साधेच आहेत. ओटीपी, पिन आणि पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो पैसे पाठवताना लागतो. त्यामुळे 'शिष्यवृत्ती जमा करायची आहे, पिन टाका' असे कोणी म्हणाले, तर ती फसवणूकच. अनोळखी माणसाला शाळेचे नाव, पत्ता, फोटो द्यायचा नाही. आणि भीती वाटली, लाज वाटली तरी घरातल्या किंवा शाळेतल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगायचे.

हा शेवटचा धडा मोठ्यांसाठी जास्त आहे. मूल सांगायला आले आणि आपण आधी फोन हिसकावून दोन धपाटे दिले, तर ते पुन्हा सांगणार नाही. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करावा; जितका उशीर, तितकी रक्कम थांबवणे अवघड. मुलाला मदत हवी असेल तर १०९८ आहे. लैंगिक छळाचा प्रकार असेल तर पोक्सो कायदा २०१२ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. इभ्रतीपोटी दाबून टाकणे हा गुन्ह्याला हातभारच.

आता आपल्याकडे पाहू. विहारातल्या वह्यावाटपाचे, बालसंस्कार शिबिरांचे फोटो आपण मुलांच्या नावासह आणि शाळेसह टाकतो. पालकांना विचारतो का? न दिलेले घेऊ नये, हे शील आपण रोज म्हणतो; मुलाच्या चेहऱ्यालाही ते लागू आहे. खातरजमा न करता फॉरवर्ड केलेली पोस्ट मुसावादाच्या जवळ जाते. ऐकीव म्हणून मानू नका, तपासा, ही कालाम सुत्तातली शिकवण मुलांना फॉरवर्ड आलेल्या मेसेजवरच शिकवता येईल.

१९५० मध्ये बाबासाहेबांनी याच शहरात महाविद्यालय सुरू केले, कारण मराठवाड्यातल्या आपल्या मुलांसाठी उच्च शिक्षणाची वाट अरुंद होती. आजची वाट फोनमधूनही जाते. प्रत्येक विहारात रविवारी एक तास, चार-पाच तरुण आणि एक वही, एवढ्यावर हा वर्ग सुरू होऊ शकतो. पहिल्या रविवारी मुलांना एकच प्रश्न विचारा : घरच्या फोनचा पिन कोणाकोणाला पाठ आहे? वर येणारे हात मोजा. काम किती आहे ते लगेच कळेल.

जय भीम! नमो बुद्धाय!