बसली, पण बोलेना!

रविवारी सकाळी धुळ्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, नवी डिस्क खाचेत चपखल बसली, स्क्रूही लागला, पण लॅपटॉपला ती दिसतच नाही!"

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. लॅपटॉप सहा वर्षांपूर्वी घेतलेला, स्वस्तातला. तो सुरू होईपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. नवा घ्यायचा तर चाळीस हजारांना खड्डा, म्हणून जळगावच्या बाजारातून मीच एसएसडी घेऊन पाठवली होती. दुकानदाराला एवढेच विचारले होते, "लॅपटॉपला चालेल ना?" तो "चालेल" म्हणाला. त्याचे काही चुकले नाही. माझा प्रश्नच अर्धा होता.

तिथल्या एका कारागिराने 'मदरबोर्ड गेला' असा निकाल दिला आणि जुनी हार्ड डिस्क पुसून पाहू, असे सुचवले. त्या डिस्कवर ताईच्या सासूबाईंच्या आवाजातल्या अहिराणी ओव्या होत्या. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. दुसरी प्रत नव्हती. "कशाला हात लावू नकोस, मी येतो," म्हणालो आणि एसटी पकडली.

हा घोळ समजून घ्यायचा तर आपले पाचोरा स्टेशन आठवावे. पाचोरा-जामनेर नॅरोगेज गाडीचे रूळ ७६२ मिलिमीटर अंतराचे, तर मुंबईकडच्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर. तिथे गाडी बदलावीच लागे. पण फरक निदान डोळ्यांना दिसे. लॅपटॉपमध्ये तो दिसत नाही.

'एम.टू' प्रकारच्या या डिस्क च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या असतात. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. मात्र त्यांच्या भाषा दोन: साटा आणि एनव्हीएमई. साटाच्या पट्टीला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईच्या पट्टीला बहुधा एक. दोन खाचांची पट्टी एनव्हीएमईच्या जागेतही सहज बसते. पण ती जागा फक्त एनव्हीएमईचीच भाषा जाणत असेल, तर पाहुणा पाटावर बसतो आणि यजमानाला त्याचे बोलणे कळत नाही. आमचे नेमके हेच झाले होते. मदरबोर्ड ठणठणीत होता.

तेव्हा खरेदीआधी लॅपटॉप उलटा करून मॉडेलचा पूर्ण क्रमांक टिपून घ्यावा. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पट्टीची लांबी आणि भाषा दिलेली असते. अशी जागाच नसेल, पण अडीच इंची हार्ड डिस्क असेल, तर तिच्याच जागी अडीच इंची साटा एसएसडी बसवता येते; वेगातला फरक घरातल्या कोणालाही जाणवतो. काही अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ईएमएमसी नावाची साठवण थेट बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते. ती बदलण्याचा नाद सोडावा.

'दिसत नाही' याचेही प्रकार आहेत. बायोसमध्ये डिस्क दिसते, पण विंडोजमध्ये नाही? मग बहुधा ती कोरी आहे. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन तिची आखणी करावी लागते. इथे नव्या-जुन्या डिस्कची गल्लत झाली तर सारेच पुसले जाते, म्हणून आकडा दोनदा वाचावा. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेलच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकताना डिस्क दिसत नाही; तिथे इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्यावा लागतो. बायोसमध्येही दिसली नाही, तर मात्र पट्टी नीट बसली का आणि भाषा जुळते का, हे आधी पाहावे. मदरबोर्डाचा संशय सर्वांत शेवटी.

जळगावच्या दुकानदाराने पट्टी बदलून दिली. नवी बसवण्याआधी आम्ही ओव्या पेन ड्राइव्हवर उतरवल्या. चालतात की नाही, म्हणून एक लावून पाहिली. स्वयंपाकघरातून ताई हात पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली.

आता त्या ओव्यांच्या तीन प्रती आहेत. एक धुळ्याला, एक जळगावला, आणि एक त्या नव्या डिस्कवर.