परदेशी विद्यापीठ मुंबईत येतंय, पण नोकरी कुठे मिळणार? 'इंडस्ट्री टाय-अप' म्हणजे नेमकं काय?

जून २०२५ मध्ये मुंबईत पाच परदेशी शिक्षणसंस्थांना इरादापत्रं देण्यात आली. ब्रिटनमधली यॉर्क आणि ॲबर्डीन ही विद्यापीठं, युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतलं इलिनॉय टेक आणि इटलीची 'इस्तितुतो युरोपेओ दि डिझाइन' ही ती पाच नावं. नवी मुंबई विमानतळाजवळ सिडकोने 'एज्युसिटी'चीही आखणी केली आहे. दुसरीकडे, ब्रिटनच्या ब्रिस्टल विद्यापीठाने २०२६ मध्ये मुंबईत कॅम्पस सुरू करण्याचं जाहीर केलं आणि त्याचं नावच ठेवलं 'एंटरप्राइज कॅम्पस'. म्हणजे उद्योगांशी नातं, हे थेट पाटीवरच.

तेव्हापासून इन्स्टाग्रामवर 'ग्लोबल डिग्री, इंडियन फी' छापाच्या रील्सना पूर आलाय. लंडनला जाऊन ४० लाख खर्च करण्यापेक्षा लोकलने जाऊन तीच डिग्री घ्या, असं साधं गणित त्यात मांडलेलं असतं. या गणितातली एक ओळ मात्र सहसा गाळलेली असते.

परदेशात शिकायला जाणारे पैसे कशाचे मोजतात?

निम्मे डिग्रीचे आणि निम्मे त्यानंतर तिथे काम करायला मिळतं त्याचे. कर्ज काढून जाणाऱ्या घरांत तर दुसरा भागच महत्त्वाचा. पाऊंडात किंवा डॉलरमध्ये पगार मिळेल आणि हप्ते फिटतील, हा त्यामागचा हिशोब.

ब्रिटनमध्ये शिक्षण संपलं की 'ग्रॅज्युएट व्हिसा'वर दोन वर्षं काम करता येतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बॅचलर्स आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्यांसाठी ही मुदत १८ महिन्यांवर येणार आहे. पण हा व्हिसा मिळतो तो ब्रिटनमध्ये राहून शिकल्याबद्दल, प्रमाणपत्रावर ब्रिटिश विद्यापीठाचा शिक्का आहे म्हणून नाही. ऑस्ट्रेलियाचंही तसंच. तिथे राहून किमान दोन शैक्षणिक वर्षांचा अभ्यास केला तरच शिक्षणानंतरच्या वर्क व्हिसाचा विचार होतो.

म्हणजे तीच डिग्री मुंबईत घेतली, तर हा दरवाजा उघडत नाही. काही कॅम्पस एखादं सत्र मूळ देशात काढायची सोय देतात. अनुभव म्हणून ते चांगलंच, पण एका सत्राच्या जोरावर हा व्हिसा मिळत नाही.

मग अशा डिग्रीचा उपयोग काय?

उपयोग आहे. फक्त नोकरी देणारा बदलतो. तो आता मँचेस्टर किंवा मेलबर्नमध्ये नसून हिंजवडी, ऐरोली किंवा बंगळुरूमध्ये बसलेला असतो.

परदेशी कंपन्या आपली तंत्रज्ञान, वित्त, संशोधन अशी कामं भारतातल्या स्वतःच्याच कार्यालयांतून करून घेतात. या कार्यालयांना 'ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर' म्हणजे जीसीसी म्हणतात. नॅसकॉम आणि झिनोव्हच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात अशी १,७०० हून अधिक केंद्रं आहेत आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करतात. पुणे आणि मुंबई हे त्यांचे मोठे तळ. येणाऱ्या विद्यापीठांचे विषय पाहिले तरी रोख कळतो. डेटा सायन्स, फिनटेक, बिझनेस ॲनालिटिक्स, सायबर सुरक्षा. गुजरातच्या गिफ्ट सिटीमध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या डीकिन विद्यापीठाने यांतल्या शेवटच्या दोन विषयांपासूनच सुरुवात केली.

त्यामुळे परदेशी विद्यापीठाच्या भारतीय कॅम्पसमध्ये प्रवेश घेताना जागतिक क्रमवारीइतकाच, किंबहुना जास्तच, महत्त्वाचा प्रश्न हा की इथल्या कंपन्यांशी त्यांचं नातं किती खरं आहे.

'टाय-अप' खरा कसा असतो?

जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याचं उदाहरण बघू. १९७४ मध्ये श्टुटगार्टमध्ये डायम्लर-बेंझ, बॉश यांसारख्या कंपन्यांच्या पुढाकाराने एक शिक्षणपद्धत सुरू झाली आणि २००९ मध्ये तिचं रीतसर विद्यापीठ झालं. इथे विद्यार्थी आधी कंपनी शोधतो. कंपनी त्याच्याशी तीन वर्षांचा करार करते आणि त्यानंतर विद्यापीठात प्रवेश होतो. साधारण तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी, असं आलटून पालटून चालतं. पगार तिन्ही वर्षं मिळतो, वर्गात बसलेल्या महिन्यांचासुद्धा.

यात कंपनीचे पैसे अडकलेले असतात. म्हणून अभ्यासक्रमात काय शिकवतात, याची तिला खरोखर फिकीर असते आणि शिकून तयार झालेला माणूस सोडायला ती नाखूश असते. कॅनडाच्या वॉटरलू विद्यापीठात १९५७ पासून असंच 'को-ऑप' शिक्षण चालतं. एक सत्र अभ्यास, एक सत्र पगारी काम.

आता आपल्याकडचं नेहमीचं दृश्य आठवा. कुलगुरू आणि कंपनीचे अधिकारी, मध्ये निळी फाइल, हातात पुष्पगुच्छ, खाली 'सामंजस्य करार' अशी ओळ. बहुतेक सामंजस्य करार कुणालाच बांधून ठेवत नाहीत. किती मुलांना घेणार, किती मानधन देणार, हे त्यात नसेल तर तो फोटो फक्त माहितीपत्रकाच्या कामाचा. वर्षातून दोन 'गेस्ट लेक्चर' झाली तरी टाय-अप झाला असं म्हणता येतं, आणि म्हटलंही जातं.

भागीदारी वेगळी, कॅम्पस वेगळा

इथे बराच गोंधळ होतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार भारतीय आणि परदेशी संस्था एकत्र येऊन तीन प्रकारचे अभ्यासक्रम चालवू शकतात. 'ट्विनिंग'मध्ये जास्तीत जास्त ३० टक्के क्रेडिट परदेशी संस्थेतून घेता येतात आणि डिग्री भारतीय संस्थाच देते. 'जॉइंट डिग्री'मध्ये दोन्हीकडे किमान ३०-३० टक्के क्रेडिट मिळवावे लागतात आणि एकाच प्रमाणपत्रावर दोघांची मोहर असते. 'ड्युअल डिग्री'मध्ये दोन संस्था दोन स्वतंत्र डिग्र्या देतात. जाहिरातीत मात्र तिघींनाही 'इंटरनॅशनल डिग्री' म्हणून मोकळं होतात.

स्वतंत्र कॅम्पससाठी २०२३ चे नियम आहेत. जागतिक क्रमवारीत, एकूण किंवा विषयवार, पहिल्या ५०० मध्ये असणं ही त्यातली मुख्य अट. डिग्री मूळ विद्यापीठाचीच मिळते आणि भारतात तिच्यासाठी वेगळं समकक्षता प्रमाणपत्र लागत नाही. फी आणि प्रवेशाचे निकष विद्यापीठच ठरवतं. आरक्षणाचं बंधन नाही. मध्यमवर्गीय घराला यातून कितपत मोकळी वाट मिळेल, याबद्दल मी फारसा आशावादी नाही.

तिसरा प्रकार धोक्याचा. एखादी एडटेक कंपनी किंवा खासगी महाविद्यालय परदेशी विद्यापीठाची 'फ्रँचायझी' घेतं आणि इथे वर्ग भरवतं. याला परवानगीच नाही. यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिला होता की आयोगाची मान्यता नसलेल्या अशा भागीदारीतून मिळालेल्या डिग्र्या ग्राह्य धरल्या जाणार नाहीत. नोकरीच्या वेळी कागदपत्रं तपासताना ही गोष्ट उघडकीला आली, तर फी परत मागायला कुणाकडे जायचं, हाही प्रश्नच.

प्रवेशाआधी काय विचारायचं?

आधी मान्यता कोणत्या नियमाखाली आहे ते विचारा आणि यूजीसीच्या संकेतस्थळावर स्वतः खात्री करा. कॅम्पस गिफ्ट सिटीत असेल तर त्यासाठी आयएफएससीए हे वेगळं प्राधिकरण आहे. मग इंटर्नशिपबद्दल विचारा. तिला क्रेडिट आहेत का? ती मिळवून द्यायची जबाबदारी विद्यापीठाची, की तुमची तुम्हीच शोधायची? मानधन आहे का, आणि ते देतं कोण? कंपन्यांची लांबलचक यादी दाखवली, तर त्यातल्या किती कंपन्यांनी याच कॅम्पसमधून, याच अभ्यासक्रमातली मुलं घेतली, असं विचारा.

या शेवटच्या प्रश्नाला सध्या तरी फारसं उत्तर मिळणार नाही. २०२३ च्या नियमांखाली सुरू झालेला पहिला कॅम्पस साउदम्प्टन विद्यापीठाचा. गुरुग्राममध्ये तो ऑगस्ट २०२५ मध्ये उघडला. तिथली पदवीची पहिली तुकडी बाहेर पडायला किमान २०२८ उजाडेल. तोपर्यंत अशा कॅम्पसच्या माहितीपत्रकात '९० टक्के विद्यार्थ्यांना नोकरी' असं काही छापलेलं दिसलं, तर तो आकडा कोणत्या देशातल्या कॅम्पसचा आहे, ते खालच्या बारीक अक्षरांत शोधा.